शिकाऱ्याची यादी

अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच २३ मार्च १९०९ रोजी थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्क बंदरातून आफ्रिकेकडे निघाले. सोबत एकोणीस वर्षांचा मुलगा करमिट, स्मिथसोनियन संस्थेचे तीन निसर्गअभ्यासक आणि सामानात बंदुकांच्या जोडीला पुस्तकांची एक पेटी होती. आफ्रिकेतील ही त्यांची पहिलीच शिकार मोहीम. तेथे कोणती जनावरे मारावयाची, याचा विचार मात्र कित्येक महिने आधीपासून चालू होता.

रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ चा. दम्याने बेजार झालेल्या या मुलाने घरातच पशुपक्ष्यांचे छोटेसे संग्रहालय थाटले होते. मृत प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याची कला तो लहानपणीच शिकला. प्राण्याला मारणे आणि त्याला जाणून घेणे, ही त्याच्या लेखी एकाच छंदाची दोन अंगे ठरली. पुढे १८८४ मध्ये एकाच दिवशी पत्नी व आई यांचा मृत्यू झाला आणि त्या दुःखात रूझवेल्ट डाकोटाच्या माळरानावर जाऊन राहिले. तेथील रानगव्यांचे प्रचंड कळप शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवले होते. ते दृश्य त्यांच्या मनात घर करून राहिले. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सुमारे २३ कोटी एकर भूमीला संरक्षण दिले. १९०२ मध्ये मिसिसिपीत झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला आणि त्या प्रसंगातूनच ‘टेडी बेअर’ हे खेळणे जन्माला आले.

हाच माणूस आता आफ्रिकेसाठी यादी करीत होता. फ्रेडरिक सेलूस यांच्यासारख्या मुरलेल्या शिकाऱ्याचा सल्ला घेऊन तयार झालेल्या या यादीत सिंहाला पहिले स्थान होते. हत्ती, काळा गेंडा आणि रानरेडा ही धोकादायक जनावरे त्याच्या पाठोपाठ होती. मोहीम संग्रहालयासाठी असल्याने केवळ मोठ्या शिंगांचा नर मिळवून भागणार नव्हते. मादी आणि पिलूही हवे होते. जिराफ, झेब्रा आणि हरिणवर्गातील अनेक जातींची त्यात भर पडली.

२१ एप्रिल १९०९ रोजी मोंबासाला उतरलेली ही मंडळी मार्च १९१० मध्ये खार्टूमला पोहोचली. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. त्यांत १७ सिंह आणि ११ हत्ती होते. प्राण्यांचे ११ हजारांहून अधिक नमुने वॉशिंग्टनला रवाना झाले. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे भांडार अमोल होते, यात शंका नाही.

प्रश्न उरतो तो पांढऱ्या गेंड्यांचा. त्यांच्यासाठी मोहीम मुद्दाम वाट वाकडी करून नाईलकाठच्या लाडो प्रदेशात गेली. तेथे पितापुत्रांनी ९ गेंडे टिपले. ही जात विनाशाच्या उंबरठ्यावर असल्याची रूझवेल्ट यांना पूर्ण जाणीव होती. पण ती नाहीशी होण्यापूर्वी तिचे नमुने संग्रहालयात सुरक्षित असावेत, हा त्या काळाचा विचार होता आणि तो त्यांनाही मान्य होता. दुर्मीळता हे जीवदान देण्याचे कारण न ठरता बंदूक उचलण्याचे कारण ठरले. बांधलेले अस्वल नाकारणाऱ्या खिलाडूवृत्तीपाशी या पेचाचे उत्तर नव्हते.

रूझवेल्ट ६ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले. त्यांनी संरक्षिलेली अरण्ये आजही उभी आहेत. लाडोतील गेंडे ज्या उत्तरेकडील उपजातीचे, तिचा अखेरचा नर मात्र १९ मार्च २०१८ रोजी केनियात मरण पावला. तिच्या ऱ्हासाला पुढील दशकांतील चोरटी शिकार आणि यादवी युद्धे अधिक कारणीभूत झाली. त्याचा सगळा दोष ९ गोळ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही रूझवेल्ट यांचे चरित्र लिहिताना त्यांनी राखलेल्या अरण्यांशेजारी ही यादीही ठेवावी लागते.