‘उपयोजित’ या शब्दाचा अर्थ

उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी घेऊन पुढे करायचे काय, हा प्रश्न आजही अनेक विद्यार्थ्यांना पडतो. डॉ. मेघनाद साहांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

ढाक्याजवळच्या एका खेड्यातील गरीब दुकानदाराच्या घरी १८९३ साली त्यांचा जन्म झाला. वंगभंगाच्या काळात गव्हर्नरांच्या भेटीचा निषेध केला म्हणून त्यांना सरकारी शाळा व शिष्यवृत्ती दोन्हींना मुकावे लागले. तरीही १९१५ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची उपयोजित गणितातील एम. एस्सी. पदवी संपादन केली. पहिला क्रमांक सत्येंद्रनाथ बोसांचा, दुसरा साहांचा. वित्तसेवेत शिरण्याचा त्यांचा मानस होता. परंतु क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. सरकार एका अधिकाऱ्यास मुकले. विज्ञानाला साहा लाभले. गणिताचे हे अध्यापक स्वाध्यायाने भौतिकीकडे वळले आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उलगडणारे आयनीभवनाचे समीकरण त्यांनी १९२० साली मांडले.

तथापि त्यांचे गणित आकाशातच रमले नाही. १९४३ च्या दामोदरच्या महापुरानंतर नदीनियंत्रणाच्या योजनेसाठी त्यांनी लेखणी झिजवली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले. १९५६ साली दिल्लीत नियोजन मंडळाच्या कार्यालयाकडे जात असतानाच त्यांना मृत्यूने गाठले.

पदवीच्या नावातील ‘उपयोजित’ हा शब्द त्यांनी असा सार्थ केला. समीकरण कसे सोडवावे हे विद्यापीठे शिकवतातच. ते कोणासाठी सोडवावे, हेही त्यांनी शिकवावयास हवे.