हिवतापाचा माग काढणारे सर रोनाल्ड रॉस

पाऊस ओसरल्यावर कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाडीत डबकी साचलेली दिसली की आम्हांस सर रोनाल्ड रॉस यांचे स्मरण होते. १८५७ साली अल्मोडा येथे जन्मलेले रॉस १८८१ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेत रुजू झाले. हिवताप दूषित हवेने होतो, ही समजूत तेव्हा रूढ होती. १८९७ मध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात खुद्द त्यांनाच हिवतापाने गाठले! त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत त्यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९३२ मध्ये ते निवर्तले. औषधापेक्षा डासांच्या बंदोबस्तावर त्यांचा भर राहिला. आफ्रिकेत नोकरीस वा सेवेस निघालेल्या आपल्या बंधुभगिनींनी मात्र दोन्ही सांभाळावे, असे आम्हांस वाटते. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही, औषधानुसार एक ते चार आठवडे, घ्याव्या लागतात. अनेकजण नेमक्या तेव्हाच त्या सोडतात.