मायकेल फॅरडे आणि तारेचें वेष्टन

विजेचा दिवा लावतांना आपलें लक्ष दिव्याकडे जातें. तारेकडे क्वचित् जातें, आणि तारेवरील वेष्टनाकडे तर सहसा जातच नाहीं. परंतु तें वेष्टन नसेल तर वीज इष्ट स्थळीं पोंचणार नाहीं, व वाटेंत अनर्थ मात्र करील. असें वेष्टन एके काळीं स्वतःच्या हातांनीं गुंडाळणाऱ्या एका थोर शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें एका लोहाराच्या घरीं झाला. घरच्या गरिबीमुळें लिहिणें, वाचणें व थोडें अंकगणित यांपलीकडे त्यांचें शाळेंतील शिक्षण गेलें नाहीं. चौदाव्या वर्षीं ते रीबो नांवाच्या एका पुस्तकें बांधणाराच्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिले. सात वर्षें पुस्तकें बांधतां बांधतां तीं वाचण्याचा त्यांस छंद लागला. १८१२ सालीं त्यांनीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें सुवाच्य अक्षरांत लिहून स्वतः बांधलीं व डेव्हींकडे पाठविलीं. त्याचें फळ असें कीं, १ मार्च १८१३ रोजीं ते त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक झाले.

विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होतें हें तोंवर ठाऊक झालें होतें. चुंबकत्वापासून वीज मिळेल काय, हा प्रश्न फॅरडे यांच्या मनांत घोळत होता. त्यासाठीं त्यांनीं मऊ लोखंडाचें सहा इंच व्यासाचें एक कडें करविलें. त्याच्या दोन बाजूंस तांब्याच्या तारेचे पुष्कळ वेढे द्यावयाचे होते. पण उघड्या तारेचा एक वेढा दुसऱ्यास किंवा लोखंडास टेकला, तर वीज सर्व वेढ्यांतून न फिरतां जवळच्या वाटेनें निघून जाते. आजच्यासारखी आच्छादित तार त्या वेळीं हाताशीं नव्हती. म्हणून फॅरडे यांनीं वेढ्यांच्या मध्यें सुतळी व थरांच्या मध्यें सुती कापड घालून तें कडें मोठ्या चिकाटीनें गुंडाळलें. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं एका बाजूचें वेटोळें विद्युद्घटास जोडतांच दुसऱ्या बाजूच्या तारेजवळील चुंबकसूची हलली, आणि जोड तोडतांच पुन्हां हलली! विजेच्या खांबावरील ट्रान्सफॉर्मरचें मूळ याच कड्यांत आहे.

पुढें १८३७ सालीं, निरनिराळ्या निरोधक पदार्थांचा विजेवर काय परिणाम होतो हें पाहण्यासाठीं त्यांनीं कांच, गंधक व लाख घेऊन प्रयोग केले. ही लाख म्हणजे पळस, कुसुंब व बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ निर्माण करितात तीच; आणि आपल्या ब्रह्मपुरीच्या रानांत पळसाला काय तोटा! १८४८ सालीं मलायांतील गटापर्चा नामक चिकाचा निरोधक गुण त्यांनीं प्रसिद्ध केला. १८५१ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमध्यें समुद्रांतून जी तारायंत्राची तार टाकण्यांत आली, तिला याच चिकाचें आवरण होतें.

फॅरडे यांनीं सरदारकीचा मान नाकारला आणि रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि दोनदां नाकारलें. मुलांसाठीं नाताळांत व्याख्यानें देण्यांत मात्र त्यांस आनंद वाटे. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या सुतळीचा व कापडाचा धडा आज आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीसहि लागू आहे. पुष्कळ पालक गाडींत गाण्याचें यंत्र व अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतात. गाडीची बॅटरी अवघी १२ व्होल्टची, म्हणून तिचें भय वाटत नाहीं. परंतु गाडीचा सर्व सांगाडा बॅटरीच्या ऋण टोंकास जोडलेला असतो. धन टोंकाची उघडी तार त्यास कोठेंहि टेकली कीं शेंकडों अँपिअर प्रवाह वाहून तार लाल होते व गाडी पेट घेते. म्हणून काम करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें. धन तारेंत बॅटरीच्या अगदीं जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना तेथें रबरी कडें बसवावें, नाहीं तर पत्र्याची धार हादऱ्यांनीं वेष्टन कापते. जोड घट्ट करून तो पूर्ण झांकावा. साधी चिकटपट्टी उन्हाळ्याच्या तापांत सुटते. उष्णतेनें आवळून बसणारी नळी अधिक टिकते. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करवावें, पण तें झांकलें जाण्यापूर्वीं आपण डोळ्यांनीं पाहावें.

झांकून जाणाऱ्या कामांतच बहुधा हयगय होते. फॅरडे यांनीं ती केली नाहीं. तें कडें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जपून ठेविलेलें आहे. आणि त्यावर तांब्याच्या तारेबरोबर तें सुती कापडहि दिसतें.