नाव मागे राहिले : डॉ. थॉमस हॉजकिन



दूरगावचा रुग्ण उपचारांसाठी दिल्लीला येतो आणि स्टेशनजवळ म्हणून पहाडगंजच्या एखाद्या लॉजमध्ये उतरतो. तपासणी दुसऱ्याच कारणासाठी असते. परंतु मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथीत पाण्याची गाठ दिसते. ती काढून तपासली असता क्वचित तिच्यात लिंफोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, अनपेक्षितपणे आढळतो. काढलेली प्रत्येक गाठ बारकाईने तपासावी, ही शिस्त रुजविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी एकाची ही जीवनकथा आहे.

थॉमस हॉजकिन यांचा जन्म १७९८ साली लंडनजवळ एका क्वेकर ख्रिस्ती कुटुंबात झाला. एडिंबरो येथे ते १८२३ मध्ये डॉक्टर झाले. पुढे लंडनच्या गायज रुग्णालयात मृतांच्या शवविच्छेदनाचे व रोगग्रस्त अवयवांच्या संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले. लसिका ग्रंथी व प्लीहा सुजलेल्या सात रुग्णांचे वर्णन त्यांनी १८३२ मध्ये मांडले. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

त्यांचे मन केवळ ग्रंथींत गुंतले नव्हते. हडसन्स बे कंपनीच्या व्यापारापायी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची होणारी दुर्दशा त्यांनी निर्भीडपणे मांडली. रुग्णालयाचे कोषाध्यक्ष बेंजामिन हॅरिसन त्याच कंपनीशी संबंधित होते. १८३७ साली सहायक डॉक्टरची जागा हॉजकिन यांना नाकारली गेली, आणि त्यांनी गायज सोडले. त्याच वर्षी आदिवासींच्या रक्षणार्थ संस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. गायजमधील त्यांचे सहकारी थॉमस ॲडिसन तेथेच राहिले आणि १८५५ मध्ये ॲड्रिनल ग्रंथींच्या रोगाचे वर्णन करून कीर्ती पावले.

तेथीलच डॉ. सॅम्युअल विल्क्स यांनी १८६५ मध्ये त्या जुन्या रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. पुढल्याच वर्षी, यहुदी मित्र सर मोझेस माँटेफिओरे यांच्यासोबत पवित्र भूमीत गेले असता, याफो येथे आमांशाने हॉजकिन यांचे निधन झाले. त्यांना तेथेच मूठमाती देण्यात आली. त्यांनी जपलेले काही नमुने १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा त्यांचे निरीक्षण खरे ठरले.

वाचकहो, ॲड्रिनलमधील लिंफोमा बहुधा हॉजकिन प्रकारचा नसतो. मात्र हॉजकिन लिंफोमाचे बहुतेक रुग्ण आज बरे होतात. ज्याने सत्यासाठी पद गमावले, त्याचे नाव आज प्रत्येक कर्करोग रुग्णालयात उच्चारले जाते. आपल्या हाती आलेले लहानसे काम तुम्ही-आम्हीही असेच निष्ठेने करू या. फळ कधी दिसेल, हे आपल्या हाती नाही.