नागासाकीनंतरचा वैमानिक

दुसऱ्या महायुद्धात १०० मोहिमा करून ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळविणारे ब्रिटिश वैमानिक लिओनार्ड चेशायर यांनी ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरील अणुस्फोट निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला. जानेवारी १९४६ मध्ये ते हवाई दलातून बाहेर पडले. वय अवघे २८!

पुढे काय करावे, हे काही काळ त्यांनाही उमगत नव्हते. १९४८ मध्ये कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या आर्थर डाइक्स या निराधार परिचिताला त्यांनी हॅम्पशायरमधील ‘ले कोर्ट’ या आपल्या घरी आणले आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. त्याच्यामागून इतर रुग्ण येत गेले. अपंगांसाठीची ‘चेशायर होम्स’ उभी राहिली ती अशी, कोणत्याही योजनेविना. मध्यंतरी क्षयाने त्यांना स्वतःलाच दीर्घकाळ रुग्णशय्येवर राहावे लागले. १९५० च्या दशकात ते भारतात आले. मुंबईत अंधेरीला ‘होम’ सुरू झाले. एप्रिल १९५९ मध्ये स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही मुंबईतच झाला.

मात्र, अशा संस्थांतील पराधीन जिण्यावर पुढे कठोर टीका झाली. पूर्वी ‘ले कोर्ट’मध्ये राहिलेल्या पॉल हंट यांनी १९७२ मध्ये ‘गार्डियन’मध्ये पत्र लिहून अपंगांना संघटित होण्याचे आवाहन केले. ब्रिटनमधील अपंग हक्क चळवळीला त्यातून धार आली. टीका बोचरी होती, पण ती रास्तच म्हणावी लागेल.

१९९१ मध्ये चेशायर यांना उमरावपद मिळाले. ३१ जुलै १९९२ रोजी, स्नायूंची शक्ती हिरावून घेणाऱ्या ‘मोटर न्यूरॉन’ विकाराने त्यांचे निधन झाले.