खर्जातले वादळ

अमेरिकन जॅझमधील अग्रगण्य बेसवादक आणि संगीतरचनाकार चार्ल्स मिंगस ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका शहरात मरण पावला. वय होते अवघे ५६. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी स्यू त्याची रक्षा घेऊन भारतात आली आणि तिने ती गंगेत विसर्जित केली. ऐन तारुण्यात फारवेल टेलर नावाच्या एका चित्रकार मित्राने मिंगसला वेदान्ताची ओळख करून दिली होती. ती ओळख त्याने आयुष्यभर जपली. ज्या माणसाची सारी हयात भांडणात गेली, त्याला अखेरची जागा या शांत प्रवाहात हवी होती. मिंगसचे संगीत ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या निवडीचे फारसे नवल वाटणार नाही. त्या गदारोळात मधूनच प्रार्थनेसारखे काहीतरी ऐकू येत असते.

त्याचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी अॅरिझोना राज्यातील नोगालेस या सीमेवरच्या गावी झाला. वडील लष्करात सार्जंट होते. मिंगस काही महिन्यांचा असतानाच आई गेली आणि कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत वाढले. घरात अनेक वंशांचे रक्त मिसळलेले. गोऱ्यांच्या लेखी तो काळा होता आणि काळ्यांच्या लेखी पुरेसा काळा नव्हता. ही सल त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

वाद्यांचा प्रवास ट्रॉम्बोनपासून सुरू झाला आणि चेलोवर स्थिरावला. चेलो हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे वाद्य. त्या काळी काळ्या मुलाला सिम्फनी वाद्यवृंदात प्रवेश मिळणे जवळपास अशक्यच होते. बडी कॉलेट या मित्राने त्याला वास्तवाची जाणीव करून दिली आणि डबल बेसकडे वळविले. मिंगसने रेड कॅलेंडरकडे धडे घेतले. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजविलेल्या हर्मन राइनशागेन यांच्याकडे त्याने कसून रियाज केला. रचनाशास्त्र तो लॉइड रीस यांच्याकडे शिकला. 'हाफ-मास्ट इन्हिबिशन' ही वाद्यवृंदासाठीची रचना त्याने विशीच्या आतच लिहिली. तिचे ध्वनिमुद्रण व्हायला मात्र १९६० साल उजाडावे लागले. त्या वेळी वाद्यवृंदाचे संचालन गुंथर शुलर यांनी केले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

डबल बेस या वाद्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. जॅझच्या ताफ्यात त्याचे काम तानपुरा आणि ठेका यांच्या मधले. खर्जाचा आधारही त्यानेच द्यायचा आणि लयीची पावलेही त्यानेच टाकायची. माणसाच्या उंचीचे हे वाद्य मागे उभे असते आणि श्रोत्यांचे लक्ष पुढच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर असते. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातील जिमी ब्लँटनने १९४०च्या सुमारास या वाद्याला गाते केले. मिंगसने ते मंचाच्या मध्यभागी आणले. 'हेशियन फाइट साँग'च्या आरंभी तो एकटाच वाजवतो. पाठीमागे उभा राहणारा हा वादक संपूर्ण ताफा आपल्या बोटांवर चालवू शकतो, हे तेवढ्या वादनातही कळते.

लुई आर्मस्ट्राँग, लायोनेल हॅम्प्टन अशा मोठ्यांच्या ताफ्यांतून त्याची उमेदवारी झाली. मध्यंतरी पोट भरण्यासाठी त्याने टपालखात्यातही नोकरी केली. १९५१ साली तो न्यूयॉर्कला आला आणि पुढच्याच वर्षी ड्रमवादक मॅक्स रोचसह त्याने 'डेब्यू रेकॉर्ड्स' ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. कंपन्या वादकांना लुबाडतात, तेव्हा मालकीच आपल्याकडे हवी, असा हा विचार. कंपनी फार काळ टिकली नाही, परंतु तिच्यामुळे एक अनमोल मैफल वाचली. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, रोच आणि मिंगस एकत्र वाजले. त्याच रात्री मुष्टियुद्धाचा जागतिक सामना असल्याने सभागृह बरेचसे रिकामे होते. ध्वनिफितीवर बेस नीट ऐकूच येत नव्हता, म्हणून मिंगसने न्यूयॉर्कला परतल्यावर आपला भाग पुन्हा वाजवून वर चढविला. बेसवादकाच्या नशिबी काय असते, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे नसावे.

त्याच वर्षी एलिंग्टनच्या ताफ्यात मिंगसची वर्णी लागली. एलिंग्टन हे त्याचे दैवत. पण थोड्याच दिवसांत ट्रॉम्बोनवादक हुआन तिझोलशी त्याचे हाणामारीपर्यंत भांडण झाले. एलिंग्टन सहसा कोणाला काढून टाकीत नसत. मिंगसला त्यांनी काढले.

यानंतरची दहा वर्षे त्याच्या प्रतिभेच्या बहराची. 'जॅझ वर्कशॉप' या नावाने त्याने वादक जमविले. कागदावर लिहिलेले स्वर त्यांच्या हाती देण्याऐवजी तो प्रत्येकाचा भाग गाऊन किंवा पियानोवर वाजवून शिकवी आणि तोंडपाठ करून घेई. ही पद्धत आपल्याकडील तालमीच्या किती जवळची आहे, हे सांगायला नको. लिहिलेले वाजवताना वादक कागदाकडे पाहतो, शिकविलेले वाजवताना एकमेकांकडे पाहतो, हे त्यामागचे कारण असावे. शिस्त मात्र कडक. भर मैफलीत वादन थांबवून तो साथीदाराला झापी. श्रोत्यांतून बोलण्याचा किंवा पेल्यातल्या बर्फाचा आवाज आला, तर त्यांचीही सुटका नसे.

१९५६च्या 'पिथेकँथ्रोपस इरेक्टस'मध्ये त्याने ताठ उभ्या राहिलेल्या आदिमानवाचा उदय आणि त्याच्या हावेमुळे झालेला ऱ्हास स्वरांत मांडला. १९५९च्या 'मिंगस आह उम'मध्ये चर्चमधील भजनांचा जल्लोष आहे आणि त्याच वर्षी निधन पावलेल्या लेस्टर यंगवरचे शोकगीतही आहे. याच संचात 'फेबल्स ऑफ फॉबस' ही रचना येते. आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या विद्यार्थ्यांना जाऊ देऊ नये म्हणून सशस्त्र दल उभे केले होते. मिंगसने त्यांची स्वरांतून टर उडविली. कोलंबिया या बड्या कंपनीच्या तबकडीवर ही रचना शब्दांविना आली. पुढच्या वर्षी 'कँडिड' या छोट्या कंपनीने ती शब्दांसह काढली. दोन्ही ऐकून पाहाव्यात. शब्द नसलेल्या रचनेतही उपहास तितकाच झोंबतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

हा संताप न्याय्य होता, परंतु तो नेहमी योग्य माणसावर पडला नाही. १९६२च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याची भव्य मैफल ठरली. तीसएक वादक, कित्येक नव्या रचना आणि कंपनीने अलीकडे ओढलेली तारीख. तयारीच्या ताणात जिमी नेपर या ट्रॉम्बोनवादकाने वाढीव काम घ्यायला नकार दिला. मिंगसने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. ट्रॉम्बोन ओठांनी वाजवायचा असतो. नेपरचे वरच्या पट्टीतील स्वर गेले. न्यायालयाने मिंगसला दोषी ठरवून स्थगित शिक्षा दिली. कलावंताच्या लहरी म्हणून या गोष्टी कौतुकाने सांगण्याची चाल आहे. नेपरच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर ते कौतुक उरत नाही. नेपरनेच पुढे त्याच्याबरोबर पुन्हा वाजविले आणि त्याच्या पश्चात त्याचे संगीत मंचावर जिवंत ठेवले, हे नेपरचे मोठेपण.

१२ ऑक्टोबरची ती मैफल कोसळली. पडदा वर गेला तरी नकलनवीस मंचावर बसून स्वरलिपी उतरवत होते. मिंगसने श्रोत्यांना पैसे परत मागण्यास सुचविले. त्याचे सर्वांत मोठे स्वप्न असे विस्कटले. पुढच्याच वर्षी 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी' ही त्याची सर्वश्रेष्ठ मानली जाणारी तबकडी आली. तिच्या वेष्टनावर त्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून लेख लिहवून घेतला होता! १९६४ साली एरिक डॉल्फी या साथीदारासह त्याने युरोपचा दौरा गाजविला. दौऱ्यानंतर डॉल्फी तिकडेच राहिला आणि त्याच जूनमध्ये बर्लिनला दगावला. मिंगस खचला. १९६६च्या नोव्हेंबरात भाडे थकल्याने त्याला न्यूयॉर्कच्या राहत्या जागेतून बाहेर काढण्यात आले. तेथे त्याला संगीताची शाळा काढायची होती. सामानाबरोबर बेसही रस्त्यावर आला. हे सारे चित्रफितीवर टिपले गेले असून ते पाहणे क्लेशदायक आहे. त्यानंतर काही वर्षे तो वाजवतच नव्हता.

१९७१ साली आत्मचरित्र आणि गुगेनहाइम शिष्यवृत्ती यांनी त्याचे पुनरागमन झाले. पण १९७७ साली स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस या आजाराचे निदान झाले. आधी बोटे गेली, मग पाय. चाकांच्या खुर्चीतून तो ध्वनिमुद्रण यंत्रात स्वर गुणगुणून ठेवी. गायिका जोनी मिचेलसाठी त्याने काही धून रचल्या. त्यांवर आधारलेला 'मिंगस' हा तिचा संच त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. १८ जून १९७८ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी जॅझ कलावंतांचा सत्कार केला. सारे उपस्थित मिंगससाठी उभे राहिले. तो रडू लागला, तेव्हा कार्टर त्याच्याजवळ गेले.

त्याच्या मागे कागदांचे ढीग राहिले. ते चाळताना अँड्र्यू होम्झी या अभ्यासकाला एका विराट रचनेची पाने सापडली. टाउन हॉलमध्ये जी वाजवायचा प्रयत्न झाला होता, तीच ही. आवर्तने ४,२३५, वादनाचा काळ दोन तासांहून अधिक. नाव 'एपिटाफ', म्हणजे थडग्यावरचा लेख. आपल्या हयातीत ही वाजणार नाही असे धरूनच मिंगसने हे नाव ठेवले होते. ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या अॅलिस टली हॉलमध्ये तीसेक वादकांनी ती प्रथमच सलग वाजविली. संचालक होते गुंथर शुलर.