बत्तीस कोठून आले?

गेल्या वर्षी पदार्थविज्ञानाच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघा मित्रांनी आकडे दाखवणारा तापमापक तयार केला. एल.एम.३५ हा संवेदक दर अंश सेल्सियसमागे १० मिलिव्होल्ट देतो. ते मोजून मायक्रोकंट्रोलर पडद्यावर आकडा उमटवतो. घरी आईला हे सांगितले, तर तिने विचारले की तुमच्या यंत्राला आपला ताप का कळत नाही? १०२ म्हटले की तिला काळजी वाटते, ३९ म्हटले की काहीच वाटत नाही. म्हणून मी एक बटण जोडले. ते दाबताच आकडा फॅरनहाइटमध्ये दिसावा, ही योजना.

सरांसमोर मोठ्या ऐटीत बटण दाबले. खोलीत २७ अंश सेल्सियस होते, पडद्यावर ४८.६ उमटले! १.८ ने गुणले होते, पण ३२ मिळवायचे राहिले होते. चूक सुधारली, ८०.६ दिसू लागले. मात्र सरांनी विचारले, हे ३२ आले कोठून? मी निरुत्तर झालो. त्या उत्तराच्या शोधात मला डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट भेटला.

त्याचा जन्म १६८६ साली डान्झिग येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क शहरात, व्यापारी घराण्यात झाला. १७०१ साली विषारी अळंबी खाल्ल्याने आई आणि वडील एकाच दिवशी गेले. पालकांनी पंधरा वर्षांच्या या मुलाला व्यापार शिकण्यासाठी अ‍ॅमस्टरडॅमला धाडले. त्याचे मन मात्र हिशेबाच्या वह्यांत रमेना. ते काचेच्या नळ्यांत आणि उपकरणांत गुंतले. पेढी सोडून तो गावोगाव हिंडू लागला, तेव्हा त्याला पकडून पूर्वेकडील डच वसाहतींत पाठवण्याची खटपट पालकांनी केली.

१७०८ साली कोपनहेगनला तो ओले रोमर या ज्योतिर्विदाला भेटला. प्रकाशाला वेग असतो हे दाखवून देणारा तो हाच रोमर. त्याच्या श्रेणीत बर्फ वितळण्याचा बिंदू साडेसात आणि शरीराची उष्णता साडेबावीस होती. फॅरनहाइटला अपूर्णांक नकोसे वाटले. त्याने चौपट करून ३० आणि ९० घेतले, पुढे ते बदलून ३२ आणि ९६ केले. या दोहोंतील अंतर ६४. नळीवरच्या या अंतराचे सहा वेळा निम्मे निम्मे भाग करत गेले की एकेक अंश हाती येतो. शून्य त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला दिले. आमच्या प्रोग्रॅममधले ३२ हे असे एका कारागिराच्या सोयीतून आलेले!

त्या काळी दोन कारागिरांचे तापमापक एकच आकडा दाखवीत नसत. १७१४ च्या सुमारास फॅरनहाइटने परस्परांशी जुळणारे तापमापक करून दाखवले. पुढे मद्यार्काच्या जागी त्याने शुद्ध केलेला पारा वापरला. हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदूही बदलतो, हेही त्याने दाखवले. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. तरी पैसा त्याच्यापाशी टिकला नाही. १७३६ साली हेग येथे, पन्नासाव्या वर्षी तो वारला. अंत्यविधी गरिबाला साजेसाच झाला.

सहा वर्षांनी, १७४२ साली, स्वीडनच्या अँडर्स सेल्सियसने शंभर अंशांची श्रेणी मांडली. गंमत अशी की तीत उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होते. तो क्रम पुढे उलटवला गेला. फॅरनहाइटची श्रेणीही त्याच्यामागे थोडी बदलली. पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ धरला गेला आणि शरीराची उष्णता ९६ वरून ९८.६ वर गेली. ३२ मात्र जागचे हलले नाही.

आता आमच्या यंत्राचे बटण दाबले की क्षणात आकडा बदलतो. आईच्या दृष्टीने यंत्राला अखेर ताप समजला. मला मात्र तो आकडा बदलताना दरवेळी पेढी सोडून पळालेला तो पोरका मुलगा आठवतो. सूत्र पाठ करणे वेगळे आणि त्यातला आकडा कोठून आला हे विचारणे वेगळे, एवढे मी या प्रकल्पातून शिकलो.